परतीची नळी

चिडगुपकर डॉक्टरांची डिझेल गाडी
अक्कलकोट रोडवरनं आली
निळा धूर मागे सोडत.
दोन टर्बो पुण्यात बदलून झालेले,
बिलं डॅशबोर्डात घडी घालून ठेवलेली.
"आता तिसरा घाला," म्हणाले,
पेशंटच्या नातेवाइकासारख्या आवाजात.

मी टर्बोला हात लावला नाही.
पुठ्ठा टाकून खाली सरकलो,
एप्रिलची फरशी पाठीला तव्यागत,
आणि बोटांनी चाचपत गेलो
परतीची नळी.

वरून येणारी सगळ्यांनाच माहीत असते.
बारीक, बँजो बोल्टात मान वळवलेली,
तांब्याच्या दोन वॉशरांमध्ये आवळलेली.
तिच्यात दाब असतो, पंपाचा हुकूम असतो.
मिनिटाला लाखभर फेरे घेणारा दांडा
त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो,
धातू धातूला शिवत नाही.

पण काम करून झालेलं तेल
तापून, ताकासारखं फेसाळून खाली पडतं
तेव्हा त्याच्यामागं कुणी नसतं.
स्वतःचं वजन, तेवढंच.
आणि उतार, असला तर.

ही नळी कुणीतरी मिळेल ती बसवलेली.
वीतभर जास्त लांब.
मध्ये पोट सुटलेलं,
त्या पोटात तेल बसून राहिलेलं,
आणि मागनं येणारं, जागा नाही म्हणून,
सीलच्या फटीतून धुराच्या वाटेला लागलेलं.

"का बे मल्लू, ह्यातनं तेल कसं उतरणार सांग की?"
"उतरंल की, हळूहळू."

हळूहळू म्हणजे किती ते आमच्या बोळात येऊन विचार.
पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं
तेव्हा मोटारी लावून ओढतात सगळे,
बॅरल, घागरी, कुकरसुद्धा भरतात.
त्याच रात्री गटार उंबऱ्याला टेकून बसतं.
पाणी आणण्यासाठी मोर्चे पाहिलेत मी.
नेण्यासाठी एकही नाही.

नायना कारखान्यात तेल घालायचे,
चाळीस मागांना, लांब चोचीच्या डब्यानं.
थेंब कमी पडला की माग किंचाळायचा,
थेंब जास्त झाला की चादरीवर डाग
आणि डागाचे पैसे पगारातून.
म्हणून उजव्या हातात डबा,
डाव्या हातात चिंधी.
डब्यावरनं लोकांनी त्यांना नाव ठेवलं, तेलवाला.
चिंधीचं नाव कुणी घेतलं नाही.
रविवारी आई ती सोड्यात उकळायची,
घरभर मागांचा वास.

नवी नळी घातली, आखूड, रुंद,
जवळजवळ सरळ खाली,
चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर तोंड उघडणारी.
गॅस्केटला सिलिकॉन लावायला निघालेल्या मल्लूचा हात धरला.
जरासा तुकडा सुटला की नळीत बूच, बाळा.
दांडा बोटानं हलवून पाहिला, ढिला नव्हता.
वरच्या भोकात बुधलीनं तेल पाजलं, चाक हातानं फिरवलं,
डिझेल तोडून नुसता स्टार्टर मारला,
खालचं टोक अजून मोकळंच,
त्याखाली मल्लूची ओंजळ.

काही नाही.
काही नाही.
मग एक थेंब,
मग धार, काळपट, बिनआवाजाची.
मल्लू हसला, कोपरापर्यंत तेल.

बिल बघून डॉक्टरांचा विश्वास बसेना.
"टर्बो चांगलाच होता?"
"होता की."
"मग एवढंच?"
त्यांनी कागद उलटा करून मागे पाहिलं,
मागे काही लिहिलेलं नव्हतं.

एकच सांगितलं जाताना.
लांबनं पळवून आणली की लगेच किल्ली फिरवू नका,
मिनिटभर चालू राहू द्या,
नाहीतर आतलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं.

रात्री सात रस्त्याला दिसले,
दवाखान्यासमोर, दिवे लावून,
स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून,
कुठंच न जाता
बसलेले.